बीसुव कल्लु

बेळ्ळंदूरचं नाव देशभर झालं ते पेटणाऱ्या तलावामुळे. सुमारे नऊशे एकरांचा तलाव, शहराच्या सांडपाण्याने फेसाळलेला. २०१५ आणि २०१७ मध्ये त्याने पेट घेतला, आणि जानेवारी २०१८ ची आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. माझं पोस्टिंग त्यानंतरचं. पण आज लिहायचंय ते तलावामागच्या जुन्या गावाविषयी. काचेच्या इमारतींमध्ये ते अजून तग धरून आहे. अरुंद गल्ल्या, देऊळ, दारापुढे रांगोळी.

एका रविवारी फिरताना एका घराच्या ओट्याशी गोल दगड दिसला. मधोमध भोक, कडेला खुंट्याची खोबण. वर तुळशीची कुंडी. मी थांबून बघतोय म्हणून आतून एक म्हातारी आल्या. माझं कानडी भाजीबाजारापुरतं. त्या म्हणाल्या, "बीसुव कल्लु." मला समजलं नाही असं वाटून त्यांनी उजवी मूठ हवेत धरली आणि गोल फिरवली. हाताबरोबर कंबरेपासून अंग पुढे गेलं, मागे आलं. ती हालचाल मी ओळखतो. आमच्या आजीची.

आमचं गाव साताऱ्याकडचं. त्या पट्ट्यात घरटी एक गडी पलटणीत जायचाच. अपशिंगे मिलिटरी सर्वांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाईट इन्फन्ट्रीतून इटलीला गेले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ती हीच मोहीम. आजोबा पदकं आणि गुडघ्याचं दुखणं घेऊन परतले. त्यांची बटालियन कधी कुठे होती हे रेजिमेंटच्या इतिहासात सापडतं. त्याच दिवसांत आमच्या घरात काय चाललं होतं, हे फक्त आजीच्या ओव्यांत होतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. पहाटे जात्यावर बसली की खुंटा धरायची, डाव्या हाताने घास घालायची आणि गळा सुरू व्हायचा. काही ओव्या गावाच्या, आईकडून लेकीकडे आलेल्या. काही तिच्या स्वतःच्या. शेजारणी म्हणायच्या, हिच्या जात्यातून पिठाआधी ओवी पडते. दुपारी त्याच बायकांबरोबर वाकळ शिवायला बसायची. आजोबांच्या जुन्या खाकी शर्टाचं ठिगळ वाकळेच्या नेमकं मधोमध लावायची. मी एनडीएत निघालो तेव्हा एक वाकळ मलाही दिली होती. खडकवासल्याला तिला परवानगी नव्हती, म्हणून ती तीन वर्षं ट्रंकेच्या तळाशी राहिली.

१९९९ च्या सुट्टीत मी टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट घेऊन घरी गेलो. आजीपुढे ठेवून म्हणालो, "आजी, ओव्या म्हण." ती हसली. "रिकाम्या हातानं ओवी येत न्हाई बाळा. जातं आण." जातं कुठलं आणणार? गावात गिरणी येऊन जमाना झाला होता आणि नव्या स्लॅबच्या घराला जात्याची तळी पायरी म्हणून सिमेंटात बसवली होती. शेजारच्या वाडीतून एखादं मागून आणता आलं असतं. मी आणलं नाही. परतीच्या प्रवासात त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली. २००६ मध्ये आजी गेली तेव्हा मी नियंत्रण रेषेवर होतो.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. असोद्याच्या या निरक्षर शेतकरी बाईची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त पीतांबर यांनी वेळीच टिपून घेतली. ती १९५१ मध्ये गेली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. पहिल्यांदा तो आकडा वाचला तेव्हा मी आमच्या गावाचं नाव शोधत बसलो होतो.

इथून जवळच बेगूरला नवव्या शतकाच्या अखेरचा वीरगळ आहे. त्यावरच्या लेखात बेंगळुरूच्या लढाईचा उल्लेख येतो. शहराच्या नावाचा तो सर्वांत जुना पुरावा मानतात. आपला 'वीरगळ' शब्दही कानडी 'वीरगल्लु'वरून आला. कल्लु म्हणजे दगड. पडलेल्या शिपायाचा दगड उभा करून त्यावर कोरायचं, ही रीत साताऱ्यापासून इथपर्यंत एकच. जात्याचा दगडही दोन्हीकडे एकच आहे. कानडी बायका जात्यावर त्रिपदी म्हणत, आमच्या दोन ओळींत भागवत. त्या दगडावर मात्र कोणी काही कोरलं नाही.

म्हणून दोन वर्षांपासून आत्याच्या मागे लागलोय. ती ऐंशीच्या आसपास आहे. आठवेल तसं मोबाईलवर बोलून पाठवते. आतापर्यंत एकोणीस ओव्या झाल्या. त्यातल्या सात तरी नक्की आजीच्या स्वतःच्या, असं ती म्हणते. त्यांत टपालवाल्याची पिशवी आहे, मनिऑर्डर आहे, कंट्रोलचं किडकं धान्य आहे. एका ओवीत आजी सीतेला सुनावते की तुझ्या वनवासात राम तरी सोबत होता. आजोबांचं नाव मात्र एकाही ओवीत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तिने त्यांना 'पलटण'च करून टाकलं. पलटण जेवली का, पलटणीला थंडी वाजते का, पलटण कुठल्या मुलखात निजली. मी वीसेक वर्षं पलटणीत काढली. हा शब्द एका माणसापुरता वापरलेला कधी ऐकला नव्हता.

परवा त्या म्हातारीच्या परवानगीने दगडाचा फोटो काढून आत्याला पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "गुळगुळीत झालंय रं. टाकी लावून घ्या म्हणावं, तसं दळायचं न्हाई ते."