रुक्मिणी कुकर आणि बडोद्याचा उन्हाळा

मे महिन्यात बडोद्याचा पारा 42-43 वर गेला की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजोबांचं एक वाक्य ठरलेलं, "आज रात्री कुकरच लावा." हा कुकर शिट्टीचा नव्हे हं. जुन्या मंडळींना लगेच आठवेल, कोळशावरचा, उंच, पितळी. आमच्याकडे त्याला रुक्मिणी कुकर म्हणत.

त्याचा मूळपुरुष बंगाली. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक, डॉक्टर असून वकिलीचीही पदवी घेतलेले गृहस्थ. त्यांनी 1910 साली 'इकमिक कुकर' काढला. इकॉनॉमिक आणि हायजिनिक या शब्दांच्या शेपट्या जोडून केलेलं नाव! पुढे त्याच धर्तीचे कुकर वेगवेगळ्या नावांनी घरोघरी आले. योगायोग असा की सयाजीराव महाराजांनी आपली सेंट्रल लायब्ररी सुरू केली तीही 1910 सालीच. या दोन गोष्टींचा आमच्या घरात कसा संबंध आला ते पुढे सांगतो.

कुकरची रचना साधी. तळाला भोकाभोकांची छोटी शेगडी, वर नळकांडं, त्यात पाणी आणि एकावर एक डबे. खालच्या डब्यात मुगाच्या डाळीची खिचडी, मधल्यात दुधी नाहीतर बटाटे, सगळ्यात वर दुसऱ्या दिवशीच्या पन्ह्यासाठी दोन कैऱ्या. पाच-सहा निखारे घातले की झाकण लावून मोकळं व्हायचं. ढवळणं नाही, फुंकणं नाही. निखारे हळूहळू विझत आणि अन्न वाफेवर शिजून गरम राही. बँकेत जन्म गेल्यामुळे मला सवय, म्हणून सांगतो, मूठभर कोळशात घरातल्या सहा माणसांचं जेवण हा हिशेब आजच्या गॅसलासुद्धा जमणार नाही.

आजीला हे पटत नसे. "विस्तवापाशी माणूस नाही, तो कसला स्वयंपाक?" तिची सगळी हयात चुलीपुढे गेली. आमचं स्वयंपाकघर आतल्या अंगाला, खिडकी एकच. उन्हाळ्यात संध्याकाळी ती बाहेर यायची तेव्हा लुगडं घामाने चिंब असायचं. पुरुषमंडळी तोवर गच्चीवर पाणी शिंपून वाऱ्याला बसलेली. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, हेही खरंच सांगायला हवं.

आई मात्र साडेपाचला कुकर लावायची, पदर सारखा करायची आणि मांडवीकडे सेंट्रल लायब्ररीत जायची. साडेसातला परत. तोवर खिचडी तयार. वरून तूप, सोबत कढी, छुंदा. सबंध दिवसात तेवढे दोनच तास तिचे स्वतःचे होते. कादंबऱ्या तिने त्या उन्हाळ्यांतच वाचल्या.

1959 साली हॉकिन्स आणि प्रेस्टिज आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पितळी कुकर माळ्यावर गेले. वेळ वाचला, कबूल. पण शिट्ट्या मोजायला कोणीतरी ओट्यापाशी लागतंच, आणि ते कोणीतरी कोण, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे तिकडे अमेरिकेतही हीच अडचण होती. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना उन्हाळ्यात ओव्हन पेटवून घर तापवायला नको होतं. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या गावची आठवण सांगितलेली. शब्बाथला ज्यू लोक विस्तव पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कालवणाचं भांडं बेकरीच्या गरम भट्टीत ठेवून येत. त्यावरून नॅक्सननी विजेचं भांडं केलं, 1940 साली पेटंट मिळालं. 1971 मध्ये तेच 'क्रॉकपॉट' म्हणून बाजारात आलं. माझी लेक न्यू जर्सीत तेच वापरते.

तिने मलाही एक आणून दिलंय. दुपारी चारला गॅलरीत लावतो, घर तापत नाही. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, सहा वाट्या गरम पाणी, हळद, हिंग, मीठ. 'हाय'वर दोन-अडीच तासांत मऊ खिचडी. राजमा करणार असाल तर मात्र आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा, थेट यात टाकू नका, पोटाला बाधतो.

आमच्या पितळी कुकरचे डबे मोडीत गेले. नळकांडं उरलंय, त्यात सौ.ने तुळस लावली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या कोणाकडे डब्यांसकट अख्खा कुकर असेल तर फोटो जरूर टाका, आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणत तेही कळवा.