अंकलखोपचे विष्णुपंत, मालक

आयएसएल सुरू झाल्यापासून शाळेतल्या पोरांना फुटबॉल संघांच्या मालकांची नावं तोंडपाठ असतात. पलूस भागात खेळाचा मास्तर म्हणून माझी हयात गेली. मी पोरांना दरवर्षी सांगतो, पगारी कसबी माणसांचा ताफा उभा करून, तिकीट लावून मुलूखभर फिरणारा मालक आपल्या कृष्णाकाठानं केव्हाच दिलाय. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे, ग्रेट इंडियन सर्कसचे मालक. गाव अंकलखोप, औदुंबरच्या दत्ताशेजारचं. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

विष्णुपंतांना घोड्याचं वेड आणि गाण्याचंही. दोन्हींसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठलं. परत आल्यावर कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी चाबुकस्वार, म्हणजे घोडे तयार करणारे, झाले. मुंबईत कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून, ‘हे आपल्याला का जमू नये?’ या ईर्ष्येनं ते पेटले, असं सांगतात. 1880 च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. इंग्लंडात फुटबॉलपटूंना उघड पगार घ्यायची मुभा मिळाली तीही त्यानंतर, 1885 मध्ये.

सर्कशीचं रिंगण साधारण 42 फूट व्यासाचं. तेवढ्या गोलात घोडा एका लयीत दौडला की त्याचं अंग आत झुकतं, आणि पाठीवर उभा राहिलेला गडी त्याच लयीवर तोल धरतो. घोड्याचं पाऊल चुकलं की गडी भुईवर. म्हणून आधी घोडा तयार करायचा, मग माणूस. चाबुकस्वार मालक झाला याचा फायदा इथं होता.

दौऱ्यात सर्कस तेलिचेरीला गेली, तेव्हा विष्णुपंतांची गाठ तालीममास्तर कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी पडली. केरळातून पुढं पिढ्यान् पिढ्या सर्कशीचे कसरतपटू निघाले, त्याचं मूळ या भेटीत आहे.

पण मालक म्हणून विष्णुपंतांची उंची मला गायक रहिमतखाँच्या गोष्टीत दिसते. ग्वाल्हेरचे गायक हद्दूखाँ यांचे हे चिरंजीव मन ढळून काशीत हलाखीत फिरत होते. विष्णुपंतांनी त्यांना आणलं, सर्कशीबरोबर सांभाळलं, त्यांचं गाणं लोकांपुढं ठेवलं. 1905 मध्ये विष्णुपंत गेले, तरी छत्रे घराण्यानं खाँसाहेबांना अंतर दिलं नाही. 1922 साली कुरुंदवाडातच त्यांनी डोळे मिटले. हंगाम संपला की खेळाडूला वाऱ्यावर सोडणाऱ्या मालकांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

विष्णुपंतांच्या मागून म्हैसाळचे देवल, तासगावचे परशुराम माळी असे सर्कसमालक याच पट्ट्यात निघाले. या गावांतल्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांमध्ये अजून जुनी हँडबिलं, फोटो, हिशेबाच्या वह्या असतील. घरात असं काही सापडलं तर रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.