हॅम्बर्गर मेनू: तीन रेघांची फुली होते तरी कशी?

मोबाईलवर एखादी वेबसाइट उघडली की बऱ्याचदा वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात. त्यावर टॅप केलं की मेनू उघडतो आणि रेघांची फुली होते. बर्गरच्या थरांसारखा दिसतो म्हणून हा ‘हॅम्बर्गर आयकॉन’. पण तो स्मार्टफोनपेक्षा बराच जुना आहे. १९८१ मध्ये आलेल्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी तो तयार केला होता.

ॲनिमेशन कशाला हवं?

ते नुसतं शोभेसाठी नसतं. रेघा डोळ्यांसमोर फुलीत बदलतात, त्यामुळे मेनू उघडलाय आणि तो याच बटणाने बंद होणार, हे न सांगता कळतं.

हे चालतं कसं?

यासाठी चित्र किंवा व्हिडिओ लागत नाही. एचटीएमएलमध्ये एक बटण आणि त्यात तीन पट्ट्या. टॅप केल्यावर जावास्क्रिप्ट बटणाची स्थिती बदलतं, पुढचं काम सीएसएसचं:

- वरची पट्टी मध्यभागी येऊन ४५ अंशांत फिरते.
- मधली पट्टी अदृश्य होते.
- खालची पट्टी मध्यभागी येऊन उलट दिशेने ४५ अंशांत फिरते.

ट्रान्सफॉर्म लिहिताना आधी सरकवणं, मग फिरवणं हा क्रम ठेवा. उलटं लिहिलंत तर पट्टी तिरकी सरकते आणि फुली बिघडते. ॲनिमेशनला ०.३ सेकंद पुरतात.

एकदा लिहा, कुठेही वापरा

रंग, आकार आणि वेग सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवले की हाच कंपोनंट दुसऱ्या साइटवरही चालतो. फक्त व्हेरिएबलच्या किमती बदलायच्या. पण लक्षात घ्या, त्यात चूक राहिली तर तीही प्रत्येक साइटवर जाते.

इथे चुकू नका

बरेच जण साध्या डिव्हला क्लिक जोडून मोकळे होतात. दिसायला सगळं ठीक, पण कीबोर्डने ते उघडत नाही आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हेच कळत नाही. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी अख्खा मेनूच गायब! म्हणून:

- खरा बटण टॅग वापरा आणि त्याला ‘मेनू’ असं नाव द्या.
- मेनू उघडा आहे की बंद, हे एरिया-एक्सपांडेड या ॲट्रिब्यूटने सांगा.
- टॅपची जागा मोठी ठेवा. ॲपल ४४ पॉइंट सुचवतं, तर गूगलचं मटेरियल डिझाइन ४८ डीपी.
- फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ सेटिंग चालू असेल तर ॲनिमेशन बंद ठेवा. काहींना अशा हालचालीने गरगरतं.

कंपोनंट तयार झाला की अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालू करा आणि स्क्रीनकडे न बघता मेनू उघडून बंद करा. जमलं, तर तो इतरांना द्यायला तयार आहे.