लखनौची वेलांटी

‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र ‘क’नंतर. हा विसंवाद दूर करावा म्हणून १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौच्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटीही उजवीकडे, पण आखूड काढावी असे ठरविले. ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा होऊ लागला आणि काही वर्षांतच ठराव मागे पडला. सावरकरांच्या ‘अ’च्या बाराखडीचीही अखेर हीच गत झाली.

सुधारकांची शंका मात्र निराधार नव्हती. डाव्या वेलांटीचे हिंदी शब्द वाचावयास किंचित अधिक वेळ लागतो, असे २००२ साली ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांना आढळले. परंतु तेवढा भार मेंदूने बाळपणीच अंगवळणी पाडून घेतलेला असतो. नवी खूण त्याला पुन्हा शिकावी लागते. ठराव करणाऱ्यांनी या सवयीचा हिशेब धरला नव्हता, असे आम्हांस वाटते.