पानशेतचे पाणी आणि मैदानावरची वीज

पानशेत म्हटले की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवतो. आंबी नदीवरचे मातीचे धरण, काम पुरते संपण्याआधीच त्यात साठवलेले पाणी, ते फुटल्यावर त्याच दिवशी फुटलेले खडकवासला आणि लकडी पुलावरून वाहणारी मुठा. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या लेखात त्याच धरणाकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. धरण पुन्हा बांधले गेले आणि त्याच्या पायथ्याशी ८ मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत संच बसवला गेला. शेजारच्या मोसे नदीवर वरसगावलाही तेवढाच एक संच आहे. खडकवासल्याकडे सोडलेले पाणी जाता जाता चक्र फिरवते आणि वीज देते.

८ मेगावॉट म्हणजे किती? क्रिकेटचे मैदान हे माप म्हणून घेऊ. मैदानावरच्या जुन्या पद्धतीच्या मेटल हॅलाइड दिव्याला साधारण २,००० वॉट लागतात. असे ४०० दिवे धरले तर ८०० किलोवॉट होतात. म्हणजे पानशेतचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर एकाच वेळी अशी दहा मैदाने उजळू शकतात. एखादे मैदान फार वीज खाते असे आपण म्हणतो, पण औद्योगिक पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. मैदानाची खरी गरज वेगळी आहे. त्याला वीज अखंड लागते. सामन्याच्या चार-पाच तासांत एक सेकंदही तुटलेली चालत नाही. ही गरज कशी वाढत गेली, हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

१९६१ च्या पुरात पुण्याचे पाणी गेले, वीजही गेली. पण विजेवाचून एखादा सामना अडेल, ही कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नसती. क्रिकेट उन्हात होत होते, कुस्ती आणि कबड्डी मातीत. पंचाचे डोळे, धावफलकावर हाताने लावलेले आकडे आणि प्रेक्षकांचा आवाज एवढ्यावर खेळ चालत असे.

बदल बाहेरून आला. केरी पॅकर यांनी ऑस्ट्रेलियात डिसेंबर १९७७ मध्ये दिव्यांखाली क्रिकेट खेळवले. लोक कामावरून सुटल्यावर सामना पाहू शकतील आणि दूरचित्रवाणीला संध्याकाळचा प्रेक्षक मिळेल, हा त्यामागचा हिशेब होता. नोव्हेंबर १९७९ मध्ये सिडनीत पहिला अधिकृत दिवस-रात्र एकदिवसीय सामना झाला. भारतात असा सामना सप्टेंबर १९८४ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला. आपल्या राज्यात १९९६ च्या विश्वचषकाने एक गमतीशीर चित्र दाखवले. २७ फेब्रुवारीला मुंबईत वानखेडेवर भारत आणि ऑस्ट्रेलिया दिव्यांच्या उजेडात खेळले. दोनच दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले, तेही भर दिवसा. पुण्याजवळ गहुंजे येथे दिव्यांखाली आंतरराष्ट्रीय टी-२० सामना व्हायला २० डिसेंबर २०१२ उजाडला.

दिव्यांच्या मागोमाग दुसरी गरज आली, निर्णयाची. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर धावबाद झाला. तो निर्णय मैदानावरच्या पंचाने नव्हे, पडद्यासमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाने दिला. असा बाद ठरलेला तो पहिला फलंदाज. पुढे चेंडूचा मार्ग काढणारे वेगवान कॅमेरे आले, बॅटला चेंडू लागल्याचा आवाज टिपणारा यष्टीजवळचा माइक आला आणि या सगळ्याची माहिती जुळवणारे संगणक आले. २००८ मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची पद्धत, म्हणजे डीआरएस, प्रथम वापरून पाहिली गेली. आयपीएलमध्ये ती २०१८ पासून आहे. म्हणजे आता विजेवर उजेडाइतकाच इन्साफही अवलंबून आहे.

वीज क्षणभर डगमगली तर काय होते, हे इथे सांगायला हवे. मेटल हॅलाइड दिवा एकदा विझला की लगेच पेटत नाही. तो आधी थंड व्हावा लागतो, मग पेटतो, मग हळूहळू पूर्ण उजेडावर येतो. यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. एलईडी दिवे लगेच लागतात, म्हणून नवी मैदाने तिकडे वळली. संगणकाचे दुखणे निराळे आहे. तो बंद पडला की पुन्हा सुरू करून कॅमेऱ्यांशी जुळवून घ्यावा लागतो. म्हणून चांगल्या मैदानाला दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांतून येणाऱ्या दोन वाहिन्या लागतात, त्यांच्यामागे डिझेल जनरेटर लागतात आणि जनरेटर भार उचलेपर्यंतचे काही सेकंद भरून काढायला बॅटरीवरचे यूपीएस लागतात. वीज जाताच एका वाहिनीवरून दुसरीवर आपोआप बदल करणारी यंत्रणाही लागते. हे सगळे कागदावर असून भागत नाही. सामन्याआधी मुद्दाम वीज तोडून त्याची परीक्षा घ्यावी लागते.

१२ मे २०२२ च्या संध्याकाळी वानखेडेवर ही साखळी कुठेतरी तुटली. मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांचा सामना होता. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे सुरुवातीला डीआरएस उपलब्ध नव्हते. पहिल्याच षटकात डेव्हॉन कॉन्वे पायचीत ठरला. चेंडू लेग यष्टीच्या बाहेर जात असावा असे पाहणाऱ्या अनेकांना वाटले, पण दाद मागायची सोयच नव्हती. रॉबिन उथप्पाही तसाच दाद न मागता परतला. चेन्नईचा डाव ९७ धावांत संपला आणि मुंबईने पाच गडी राखून सामना जिंकला. डीआरएस असते तर निकाल बदलला असता असे मी म्हणत नाही. मला टोचते ते एवढेच की सामना थांबला नाही, फक्त दाद मागायचा हक्क थांबला. नियम दोन्ही संघांना सारखाच होता, पण त्या वेळी फलंदाजी एकच संघ करत होता. वीज कमी पडते तेव्हा आधी काय बंद होते आणि शेवटपर्यंत काय चालू राहते, यावरून त्या जागेने कशाला महत्त्व दिले आहे ते कळते.

आता पुन्हा डोंगराकडे येऊ. वानखेडेच्या दिव्यातली वीज नेमकी कोणत्या दरीतून आली हे सांगता येत नाही. जाळ्यात मिसळलेल्या विजेवर गावाचे नाव नसते. पण मुंबईला विजेची सवय लावली ती याच सह्याद्रीने. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ ते १९२४ अशी लढाई दिली. पानशेतपासून उत्तरेला दोन दऱ्या ओलांडल्या की ती मुळशी. पानशेत-वरसगावच्या जलाशयांखालीही गावे आणि भातखाचरे गेली. याच वेल्ह्याच्या, आताच्या राजगड तालुक्याच्या, डोंगरांत पावसाळ्यात झाड पडले की तारा तुटतात आणि वाड्यांना दुरुस्तीची वाट पाहावी लागते. तिथे दुसरी वाहिनी नाही, यूपीएस नाही. मैदानाला अखंड वीज द्यायला माझी हरकत नाही. पण अखंड वीज ही चैन नसून गरज आहे असे आपण मैदानाच्या बाबतीत मान्य करतो, तर ज्या दरीने पाणी दिले तिथल्या दवाखान्याच्या आणि शाळेच्या बाबतीतही तेच मान्य करायला हवे.

आणखी एक मैदान आहे, आपल्या मोहल्ल्यातले. रमजानमध्ये तरावीहनंतर पोरांचे रात्रीचे क्रिकेट रंगते. बांबूला बांधलेले हॅलोजन, जमिनीवरून ओढलेली वायर आणि कित्येकदा खांबावर टाकलेला आकडा. पानशेतच्या विजेचा हिशेब मांडताना मला या वायरीचीही काळजी वाटते. इथे प्रश्न पायचीतचा नाही, जिवाचा आहे. ओल्या मैदानात सोललेली वायर आणि लोखंडी खांब एकत्र आले की एक चूक पुरते. महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. तिच्यासोबत चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवला तर त्याचा खर्च स्पर्धेच्या चषकापेक्षा फार नसतो. वर्गणी गोळा करताना जर्सीच्या आधी त्याचे पैसे बाजूला काढावेत, आणि पहिला चेंडू पडण्याआधी एखाद्या जाणत्या वायरमनकडून सगळी जोडणी तपासून घ्यावी.