मथुरेच्या वाटेवरचा टोलनाका

तमाशाचा विषय निघाला की लोक लावणीवर येतात, फार तर वगावर. माझा जीव गौळणीत अडकलेला, त्यातही मावशीत. गण संपतो, ढोलकी कडाडते, गवळणी दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात आणि कृष्ण-पेंद्या वाटेत आडवे होतात. दान टाका, मग पुढं जा. भांडायला सरसावते मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला घोगऱ्या आवाजाचा बाप्या. तिनं तोंड उघडलं की गोकुळ थेट आमच्या जुन्नर तालुक्यात येतं.

नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, जत्रा कमिट्या सुपारी ठरवायला तिथंच येतात. त्यामुळं मावश्यांचा तुटवडा आम्हाला ठाऊक नाही. १९७२च्या दुष्काळात कृष्णानं दही मागितलं तर मावशी म्हणायची, "म्हैस खडी फोडायला गेलीय, मुकादमाला इचार." समोर बसलेले दुष्काळी कामावर दिवसभर खडीच फोडून, मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन आलेले, तेच सगळ्यात जास्त हसायचे. आणीबाणीत नसबंदीची धास्ती, तेव्हा मावशीचा सवाल, "तुझ्या आईला आठवा होऊ दिला, तवा सरकार झोपलं हुतं का?" नोटाबंदीत कृष्ण पाचशेची नोट घेईना. २०२२ साली पाकिटबंद, लेबल लावलेल्या दह्यावर पाच टक्के जीएसटी बसला, तर पुढच्या हंगामात मावशी मडकं उलटसुलट करून दाखवत होती : "बघ, कुठं लेबल हाय का?" कायद्यानं बाई बरोबर होती. मुळात हा प्रसंगच जकातीचा. सरकार कुठलंही येवो, त्याला या नाक्यावर थांबावंच लागतं.

पूर्वी तमाशात बायकांची कामं नाच्ये पोरेच करायचे. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभी राहिली आणि लोक तिच्यासाठी गर्दी करू लागले. पुढं राधा बाईच्या वाट्याला गेली, मावशी मात्र पुरुषाकडंच राहिली. माझ्या मते ते शहाणपणाचं झालं. लुगड्यातल्या बाप्यानं पुढच्या रांगेतल्या पाटलाची अब्रू काढली तर पाटलाला रागावताही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग उठवली, आणि संहिता तपासून घ्यायची पद्धत आली. वगाची वही तपासता येते. मावशीची बतावणी कुठं लिहिलेली असते? ती सकाळी चहाच्या टपरीवर, पेपर वाचता वाचता तयार होते. १९६५ साली वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आलं. दादा कोंडके त्यात हवालदार होऊन रोजच्या बातम्या घुसडायचे आणि शहरी मंडळी तिकीट काढून लोटपोट व्हायची. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. मावशीनं हवालदाराचा डगला घातला होता, इतकंच.

आता पोरं गौळणीतच सिनेमाच्या गाण्यासाठी शिट्ट्या मारतात, त्यामुळं मावशीला वेळ कमी मिळतो. तरी खेळाआधी ती गावात फेरी मारतेच. सरपंच कोण, नळाला पाणी कितव्या दिवशी, सोसायटीत काय भानगड. शेजारच्याची भानगड सांगायला माणसं चहा पाजतात. एका गावात कमिटीतल्या एकानं आपलं नाव घेऊ नये म्हणून मावशीच्या हातात शंभराची नोट सरकवली. रात्री तिनं ती कृष्णाच्या हातावर ठेवली आणि कुणी दिली तेही सांगून टाकलं.