गोवा पावडरची गोष्ट

पाऊस सुरू झाला की आमच्या पाथरीच्या आसपास रस्त्याकडेला तरोटा माजतो. कोकणात ह्यालाच टाकळा म्हणतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण संस्कृतात त्याचं एक नाव आहे 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. बिया लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात वाटून नायट्यावर लावायची पद्धत फार जुनी.

नायट्याची खाज ज्यानं सोसली त्यालाच कळेल. घाम आला की वाढते, रात्री झोपू देत नाही, चार दिवस थांबते आणि पुन्हा येते. अशा माणसाला कुणी काहीही दिलं तरी तो लावून बघतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात ह्या दुखण्यावर एक महाग, पिवळट भुकटी मिळायची. गोव्याहून यायची म्हणून नाव 'गोवा पावडर'. ती मुळात कशाची, हे एक गूढच होतं. 1870 च्या दशकात ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी ते उलगडलं. ही तर त्यांच्याकडची अरारोबा! एका जंगली झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांत सापडणारी भुकटी, पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे आलेली. म्हणजे नावापुरताच गोवा.

गंमत पुढेच आहे. भुकटीतलं औषधी द्रव्य क्रायसारोबिन. आपल्या तरोट्याच्या बियांत सापडणारं क्रायसोफॅनॉल हे त्याचं जवळचं भावंड. सातासमुद्रापलीकडून आणलेल्या महाग औषधाचं नातं रस्त्याकडेच्या रानभाजीशी निघालं!

त्याच दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मानो स्क्वायर यांच्या एका रुग्णानं आपल्याला गजकर्ण झालंय असं समजून ही पावडर लावली. प्रत्यक्षात तो सोरायसिस होता, आणि तो कमी झाला. पावडरीनं कपडे डागाळत, कातडी चुरचुरे. तरी सोरायसिसवर तिचा वापर रुळला. 1916 मध्ये जर्मनीत तिच्याऐवजी कृत्रिम द्रव्य वापरात आलं. तेच सोरायसिसवरचं डायथ्रॅनॉल.

हे सगळं आठवायचं कारण आजचा नायटा. गेल्या काही वर्षांत तो देशभर चिवट झालाय. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' ही बुरशी वेगळी ओळखली. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती अनेकदा दाद देत नाही. त्यात भर पडते स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांची. खाज लगेच थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. 2018 मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी 'खाजेची ट्यूब द्या' एवढं म्हटलं की काम होतं, हे आपण पाहतोच.

गोवा पावडर लावणाऱ्याला आत काय आहे ते कळायची सोयच नव्हती. आपल्या ट्यूबवर ते छापलेलं असतं. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नायट्यावर लावू नका.